वैशाखातली मेथी

माझी धाकटी जाऊ गेली, तिचं तेरावं झालं, आणि चौदाव्या दिवशी सकाळी ती परभणीच्या कॉलन्यांमधून भाजी विकत होती. हे मी कुणाला भिववायला सांगत नाही. भोंगा मीच चालू केला होता.

आमचं गाव जिंतूर रस्त्यापासून आत आहे. परभणीला जायला मालाच्या रिक्षाने तासभर धरा, आणि रस्त्याचं काम चालू असेल, ते असतंच, तर सव्वा तास. आम्ही दोघी जावा, आमचे नवरे सख्खे भाऊ. कापूस-सोयाबीन कोरडवाहू, आणि विहिरीखालचं दोनेक एकर रान भाजीपाल्याचं. ते रान आमच्या दोघींचं होतं. सातबाऱ्यावर आमची नावं नव्हती, पण त्यात वाकलेल्या पाठी आमच्या होत्या.

आधी आमची भाजी हर्रासात जायची. हर्रास म्हणजे लिलाव. पहाटे ढीग लावायचा, आडत्याने चार आकडे ओरडायचे, आणि महिनाभर पाणी दिलेल्या मेथीचा निकाल आपण घसा खाकरेपर्यंत लागलेला असायचा. माल कुणी घेतला, पुढे कुठे गेला, हे विचारायची पद्धत नाही. धाकटी एकदा तिच्या नवऱ्याबरोबर हर्रासाला गेली आणि तिथे तिने एक खुळेपणा केला. आमच्या जुड्या ज्या गाडेवाल्याने घेतल्या त्याच्या मागेमागे चालत निघाली. डोक्यावर पदर घेऊन, गल्लीमागून गल्ली, पार दुपारपर्यंत. एका घरापुढे एका बाईने आमची जुडी उचलली, उलटीपालटी केली, नाक मुरडलं आणि घेतली. तेवढं पाहून ही एसटीने घरी आली. तिचा नवरा तिला परभणीभर शोधत फिरत होता, तो काय बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही.

धाकटी मात्र चुलीपुढे बसून मला म्हणाली, "अक्का, आपली मेथी खाणारी बाई पाहून आले. चांगली हाय वो बिचारी. पण तिला वाटायलंय मेथी गाड्यावरच उगवती."

एवढ्यावरून आमचा धंदा सुरू झाला. जुनी रिक्षा घेतली. पुरुषांपैकी कुणी गल्लोगल्ली फिरायला तयार होईना, त्यांची इज्जत आडवी आली. मग मी रिक्षा चालवायला शिकले. गावाने आठवडाभर हसून घेतलं, नंतर त्यांनाही दुसरी कामं होती. पुढे एका मेळाव्यात एक साहेब आमच्याकडे बोट करून म्हणाले की ह्याला थेट विपणन म्हणतात. धाकटीने मला कोपर मारलं आणि कानात म्हणाली, "आपण तर भाजी विकायलोत."

वाटणी साधी होती. रिक्षा मी चालवायची, तोलायचं मी, बोलायचं तिने. आमच्या सासूबाई म्हणायच्या, बोलणाऱ्याची बोरं विकतात, गप बसणाऱ्याचे आंबे विकत नाहीत. ह्यातली बोलणारी कोण आणि आंबेवाली कोण हे त्या नाव न घेता सांगायच्या. माझा आवाज मुळात भांडणाचा आहे. मी प्रेमाने जेवायला बोलावलं तरी माणूस आधी चप्पल कुठे आहे ते बघतो. धाकटीचं तसं नव्हतं. ती हाक मारायची तेव्हा बायकांना वाटायचं, आपली मावसबहीण आली. मला ह्याचा राग यायचा. भाजी मी तिच्यापेक्षा चांगली पिकवायचे, आणि बायका विचारायच्या, "त्या दुसऱ्या ताई कुठं आहेत?"

दोन हिवाळ्यांत तिचा घसा बसला, तेव्हा आम्ही परभणीतून भोंगा आणला. लाल बटण दाबायचं, बोलायचं, सोडायचं. मग तो तेच तेच बोलत राहतो. त्यात एकच बोलणं मावतं. नवीन भरलं की जुनं पुसलं जातं. गोठ्यात वारा लागत नाही म्हणून आम्ही तिथे भरलं. "घ्या वो बाई, भाजी घ्या. मेथी हाय, शेपू हाय, चुका हाय, पालक हाय, हरभऱ्याची कवळी भाजी हाय. आमच्या रानातली हाय, सकाळी तोडली हाय. विकतचं एक पान न्हाई." शेवटी माझा आवाज येतो, "बास की आता, गाय बुजायलीय," आणि तिचं अर्धं हसू. मी म्हटलं पुन्हा भर. ती म्हणाली, राहू द्या, गायीचंबी नाव होईल.

मोसम बदलला की ती नवीन भरायची. गाडीवर जे नाही त्याचं नाव भोंग्यात ठेवायची नाही. एकदा ऐन हंगामात आमची कोथिंबीर संपली. मी म्हटलं, शेजारच्या रानातल्या दहा जुड्या घेऊ, कोण ओळखणार आहे. ती म्हणाली, "घ्या की. पण शेजाऱ्याची म्हणून विका." मी घेतली नाही. शेजाऱ्याची म्हणून विकायची तर माझा अपमान होता.

मार्गशीर्षात तिला ताप आला. साधा ताप म्हणून दोन दिवस अंगावर काढला, तिसऱ्या दिवशी परभणीला नेलं, चौथ्या दिवशी आणलं ते तसंच आणलं. चाळिशीही गाठली नव्हती. बारावीतली एक लेक मागे. मी रडले नाही असं बायका बोलल्या. रानात मेथी फुलावर चालली होती, शेपू पडला होता, आणि घरात तेराव्यापर्यंत कुणी विळा उचलला नव्हता. मी त्या तेरा दिवसांत मेथीचाच विचार करत होते. माणूस असा असतो, त्याला मी काय करू.

चौदाव्या दिवशी गाडी भरली. पहिल्या गल्लीत शिरले, घसा ताणून ओरडून पाहिलं. दोन खिडक्या उघडल्या आणि मिटल्या. मग हात आपोआप भोंग्याकडे गेला. "घ्या वो बाई, भाजी घ्या." दारं उघडली. बायका नेहमीसारख्या टोपल्या घेऊन आल्या. कोपऱ्यावरच्या घरात एक निवृत्त शिक्षिका राहतात, आम्ही त्यांना बाई म्हणतो. जुडीतलं एक पान खुडून तोंडात टाकल्याशिवाय त्या काही घेत नाहीत. त्यांनी पान चावलं आणि विचारलं, "जाऊबाई दिसत नाहीत आज?"

मी म्हटलं, "घरी हायेत."

तोंडातून गेलं. त्यात काही योजलेलं नव्हतं. तिचा आवाज डोक्यावर चालू असताना ती गेली म्हणून सांगायचं कसं, तेच मला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं. दुसऱ्या दिवशी बाईंनीच विचारलं, बरं नाही का त्यांना, आणि मी मान हलवली. तिसऱ्या दिवसापासून ते खोटं आपल्या पायाने चालायला लागलं.

संक्रांतीला बाईंनी वाण दिलं. एक मला, एक तिला. स्टीलची वाटी, तिळगूळ, हळदीकुंकवाच्या पुड्या. "त्यांना म्हणावं, तुमच्या आवाजानं आमची सकाळ होते." ती वाटी मी घरी नेलीच नाही. रिक्षाच्या सीटखाली ठेवली. रस्त्याला खड्डा आला की ती खणखण वाजायची आणि मला दर वेळी वाटायचं, मागे बसलेली बांगड्या सावरतेय.

भोंग्याची एक तार ढिली होती. ओढ्याच्या पुलावर गाडी आदळली की तो आपला आपणच चालू व्हायचा. पहाटेची वेळ, दोन्ही बाजूंना कापसाच्या नुसत्या पऱ्हाट्या, माणूस नाही काणूस नाही, आणि ही म्हणतेय, घ्या वो बाई, भाजी घ्या. पहिल्यांदा माझ्या हातून गाडी रस्त्याखाली गेली. नंतर सवय झाली. नंतर नंतर मी उत्तर द्यायला लागले. "कोण घ्यायलंय इथं, बाभळी?" असं म्हणायचे. तिचं अर्धं हसू बरोबर माझ्या बोलण्यानंतर यायचं. मला बरं वाटायचं. आणि बरं वाटतंय ह्याची भीतीही वाटायची. कुणाला सांगितलं असतं तर मला आधी देवऋष्याकडे नेलं असतं आणि मग भोंगा विकून टाकला असता.

गावात शिरताना मात्र मी तो न चुकता बंद करायचे. एकदा विसरले तर गोठ्यातली गाय दावं ताणून हंबरायला लागली. धार धाकटीच काढायची. आणि दारात तिची लेक उभी होती. पोरीने माझ्याकडे पाहिलं, आत गेली. जुड्या बांधायचं काम तिचं होतं. संध्याकाळी जिंतूरहून कॉलेज करून आली की अंबाडीच्या सालीच्या दोऱ्याने, वाखाने, जुड्या बांधायची. आमच्या जुडीची ओळखच ती, हर्रासातल्यांना रबर असतं. त्या संध्याकाळी ती माझ्याकडे पाठ करून जुड्या बांधत बसली. मला वाटलं, आईचा आवाज तिला सोसत नाही. मग मी वेशीच्याही अलीकडे, शाळेपाशीच बंद करायला लागले.

फाल्गुनात हरभरा वाळला. कवळी भाजी संपली. भोंगा मात्र म्हणत होता, हाय. एकीने विचारलं, दुसरीने विचारलं. मी सांगितलं, आज संपली. चैत्र लागला तशी मेथी गेली, मग शेपू, मग चुका. रानात गवार, भेंडी, चवळीच्या शेंगा, थोडा पालक. आता नवीन भरायला हवं होतं. एका सकाळी गोठ्यात बसले, लाल बटणावर अंगठा ठेवला आणि अर्धा तास तसाच ठेवून उठले. ते दाबलं की ती पुसली जाणार. मला एवढंच माहीत होतं. माझा फोन बोटांनी दाबायचा साधा, त्यात काय मावतं काय नाही ह्याची मला अक्कल नाही, आणि विचारायचं तर कुणाला? पोरीला?

न दाबता काय करता येईल, ह्याच्या मागे मी लागले. भोंग्यातलं बदलायचं नसेल तर रानातलं बदलायचं. मी मेथी पेरली. चैत्रात, परभणीच्या उन्हात. नवरा म्हणाला, डोकं फिरलं का तुझं. मी पऱ्हाट्या रोवून वर जुनी लुगडी-साड्या बांधल्या, सावलीला. माझ्या पुरल्या नाहीत तेव्हा धाकटीच्या काढल्या. तिची ती हिरवी, पोपटी काठांची, मधोमध आली. त्या साड्यांखाली वाकून मी दिवसातून तीनदा झारीने पाणी घालत होते, आणि वारा आला की पदर माझ्या पाठीवर यायचा. मेथी चार पानांवर आली आणि करपली. दुसऱ्यांदा पेरली. तीही करपली.

तेव्हा मी हर्रासात गेले.

दूर कुठून तरी आलेली मेथी तिथे असते, उन्हाळ्यातही. महाग, पण असते. मी ढिगामागे उभी राहून विकणारी बाई. त्या दिवशी ढिगापुढे उभी राहिले. मेथी घेतली, शेपू घेतला, चुक्याच्या दहा जुड्या. रस्त्याकडेला गाडी लावून रबरं काढली आणि प्रत्येक जुडी आमच्या वाखाने बांधली. मग पहिल्या गल्लीत शिरले आणि भोंगा लावला. मेथी हाय, शेपू हाय, चुका हाय. आमच्या रानातली हाय. विकतचं एक पान न्हाई.

आता गाडीवर ती म्हणेल ते सगळं होतं. हरभऱ्याची भाजी सोडून, पण ती आज संपली असं म्हणता येत होतं. मला वाटलं, मी तिचा शब्द राखला. महिनाभर मी असंच केलं. पोर संध्याकाळी गवार निवडायची आणि कोपऱ्यातला वाख कमी होताना बघायची. घरात मेथीची एक काडी नाही आणि वाख संपतोय. मी तिच्याकडे पाहायचं टाळत होते.

वैशाखात बाईंच्या नातवाचं बारसं होतं. जास्त भाजी लागणार म्हणून त्या स्वतः पहाटे हर्रासात आल्या होत्या. मी त्यांना पाहिलं नाही. त्यांनी मला पाहिलं.

दुसऱ्या दिवशी त्या टोपली न घेताच बाहेर आल्या. बाकीच्या बायका गाडीभोवती होत्या, म्हणून अगदी हळू बोलल्या. "काल तुम्हाला हर्रासात पाहिलं. विकायला आल्या असाल."

त्या मला वाट देत होत्या. मी हो म्हटलं असतं तर त्यांनी ते मानलं असतं, आणि पुढे माझ्याकडून कधी भाजी घेतली नसती. वर भोंगा चालू होता. विकतचं एक पान न्हाई. मी जुडी हातात घेतली आणि वाख सोडला.

"घ्यायला आले होते," मी म्हटलं. "ही विकतची हाय. महिना झाला."

"आणि जाऊबाई रोज म्हणतात ते?"

"ती न्हाई आता. मार्गशीर्षातच गेली."

बाईंनी भिंतीला हात लावला. मग भोंग्याकडे पाहिलं. तिथे माझी जाऊ गायीवरून अर्धवट हसली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

"मग हे कोण बोलतंय इतके दिवस?"

"मीच बोलायलेय, बाई," मी म्हटलं.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, मला भांडण जमतं. त्या आत गेल्या आणि दार लावून घेतलं, एवढंच. शेवटच्या दोन गल्ल्या मी केल्या नाहीत. उरलेली मेथी गाडीतच सुकली.

परत येताना ओढ्याच्या अलीकडे लिंबाखाली रिक्षा लावली. ऊन मी म्हणत होतं, रस्त्यावर कुणी नव्हतं. भोंगा मांडीवर घेतला. एकदा पूर्ण ऐकला. गायीपर्यंत, हसण्यापर्यंत. दुसऱ्यांदा ऐकला असता तर झालंच नसतं, म्हणून ते हसू संपताच लाल बटण दाबलं आणि माझ्या ह्या फाटक्या आवाजात म्हटलं, "गवार हाय, भेंडी हाय, चवळीच्या शेंगा हायेत. पालक थोडा हाय. मेथी न्हाई." बोट उचललं. लावून ऐकलं. मी एकटीच होते त्यात. मग मात्र मी रडले, तेराव्यापासूनचं सगळं, लिंबाखाली बसून, भोंगा छातीशी धरून, लहान पोरासारखी. एक मोटारसायकलवाला थांबला, पंक्चर झालं का म्हणून विचारून गेला.

घरी आले तेव्हा पोर ओट्यावर गवार निवडत होती. मला तिच्या पुढ्यात उभं राहवेना, बसवेना. तिच्या आईचं जगात उरलेलं एवढंच होतं आणि ते मी तिला न विचारता संपवलं होतं.

"भोंग्यातलं पुसलं मी," मी म्हटलं. "तुझ्या मायचं. मला माफ कर."

ती गवारीचे देठ मोडत राहिली. मग म्हणाली, "माझ्या मोबाईलमधी हाय, मोठीमाय. तेराव्याच्या आधीच घेतलं होतं."

मी खाली बसले. "मग बोलली कामून न्हाईस? मी तर तुला सोसत न्हाई म्हणून शाळेपाशीच बंद करायचे."

"रोज ऐकायची मी. एसटीत, जाताना-येताना." तिने आणखी एक शेंग मोडली. "चैतापासून ऐकलं न्हाई."

"कामून?"

"माय त्यात लबाड बोलायलीय."

धाकटी जन्मात लबाड बोलली नव्हती. मीच तिला बोलायला लावलं होतं, ती तोंड वर करून मला अडवू शकत नव्हती तेव्हा. हे त्या पोरीला महिनाभर कळत होतं, आणि ती माझ्या शेजारी बसून वाख कमी होताना बघत होती.

"आता ऐक की," मी म्हटलं. "आता गाडीवर न्हाई वाजणार ते. आता ते तुझंच हाय."

तिने सुपातली गवार टोपल्यात ओतली, ओढणीने हात पुसले आणि उठली.

"थंडीत ऐकीन," ती म्हणाली. "रानात मेथी आल्यावर."